निकाल तहकूब

चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत यंत्रे नाना जातींची असली, तरी क्वालिटी इन्स्पेक्टर नावाचा मनुष्य सर्वत्र एकाच साच्यातून काढलेला आढळतो. सुट्या भागात एक शतांश मिलिमीटरचा प्रमाद दिसताच त्यावर लाल रेघ ओढून त्याची रवानगी भंगारात करणारा हा न्यायनिष्ठुर पुरुष घरातल्या कोणत्याही प्रश्नाचा निकाल मात्र मुदतीत देऊ शकत नाही. कारण संसारातील वस्तूंना ‘गो’ आणि ‘नो-गो’ अशा दोन टोकांचा गेज लावता येत नाही, हे दुःख त्याला सेवानिवृत्तीपर्यंत पुरते.

आमचे शेजारी अप्पासाहेब याच जातीचे. यंदा चैत्रात त्यांनी उन्हाळ्यापुरते अत्तर घेण्याची तजवीज केली. हिना उष्ण म्हणून पहिल्याच फेरीत बाद झाली आणि वाळा व मोगरा हे दोनच उमेदवार उरले. पिंपरीच्या बाजारातील अत्तरवाल्याने दोघांचीही कैफियत मोठ्या रसाळपणे मांडली. परंतु नुसत्या जबानीवर विसंबणे हा अप्पासाहेबांचा शिरस्ता नव्हे. दोन फाये मागून घेऊन ते घरी परतले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, उजव्या मनगटावर वाळा आणि डाव्यावर मोगरा चोळून, ते दुसऱ्या पाळीच्या बसमध्ये डायरी उघडून बसले. भोसरीपर्यंत मोगऱ्याचा असा दिमाख होता, की मागच्या बाकावरून ‘अप्पा, कुणाचं लग्न?’ अशी पृच्छा झाली. मोशी मागे टाकून बस इंद्रायणी ओलांडते तोच घामाने त्याचा निम्मा ऐवज लुटून नेला, आणि मुळांचा अर्क असल्यामुळे जात्याच जड व चिवट असलेला वाळा तेथून पुढे हळूहळू बोलू लागला. फुलाचा गंध चटकन उडतो व मुळाचा रेंगाळतो, हा सिद्धांत डायरीत दाखल होणार, इतक्यात चाकणच्या बाजाराकडे निघालेले कांद्याचे ट्रक आडवे आले आणि दोन्ही साक्षीदार एकदम फितूर झाले. अप्पासाहेबांनी शांतपणे नोंद केली : ‘नमुना दूषित. फेरतपासणी.’

अशा अकरा फेरतपासण्यांत चैत्र सरला, वैशाखही निम्मा झाला. अखेर एका साप्ताहिक सुटीला त्यांनी दोन्ही मनगटे काकूंच्या नाकापुढे धरून अंतिम अभिप्राय मागितला. काकूंनी कणकेच्या हातानेच माठावरचे झाकण सरकवले. आत सुतळीने बांधलेली वाळ्याची जुडी गार पाण्यात बुडालेली होती. मग त्यांनी मान वळवली. मोरया गोसावींच्या दर्शनाहून येताना घेतलेला मोगऱ्याचा गजरा अंबाड्यावर होता.

“वाळा प्यायचा, मोगरा माळायचा. तुम्हाला साबण पुष्कळ झाला,” त्या म्हणाल्या आणि पोळीकडे वळल्या.

या हुकमावर अपील नव्हते. अप्पासाहेबांनी तो तत्काळ मान्य केला. मात्र दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्यांच्या पिशवीत साबणाच्या दोन वड्या होत्या, एक चंदनाची आणि एक कडुनिंबाची, आणि डायरीचे कोरे पान उघडलेले होते.