हे तर आपल्यासारखंच!

दुपारी अडीचला माझा मोबाइल वाजला की ओळखावं, डॉक्टरची रात्रपाळी सुटली. तिकडं वेल्समध्ये सकाळचे नऊ-दहा झालेले असतात. झोपायच्या आधी कुणाशी तरी चार शब्द बोलावेत म्हणून तो फोन करतो, आणि इकडं अहमदपुरात मी जेवून नुकताच आडवा झालेलो असतो. "मामा, झोपला होतात का?" असं विचारून उत्तरासाठी न थांबता पुढचं, "नळाला पाणी आलं का?"

हा माझा भाचा. त्याला नाव आहे, चांगलं आजोबांचं ठेवलेलं आहे, पण एमबीबीएसला नंबर लागला त्या दिवसापासून ते घरात कुणी वापरलेलं नाही. खुद्द आई, म्हणजे आमची अक्का, "डॉक्टर, चहा निवायलाय" म्हणते. असा एक डॉक्टर आता तुमच्याही घरात किंवा गल्लीत असणार. दहावीपर्यंत गावात, अकरावी-बारावी लातूरला खोली करून मेसच्या डब्यावर, मग अंबाजोगाई. पूर्वी हा मुलगा शिकून परत यायचा, थोडगा रोडला नाहीतर किनगावला दवाखाना टाकायचा. खाली मेडिकल, वर घर, दारात बुलेट. आता तो प्लॅब देतो.

प्लॅब ही ब्रिटनची परीक्षा. तिच्या दुसऱ्या भागाला मँचेस्टरला जावं लागतं. तिथं खोटे पेशंट असतात, म्हणजे नट, आणि एकेकापुढं आठ-आठ मिनिटं डॉक्टरकी करून दाखवायची. रोगाचं ज्ञान हवंच, पण खरी मेख बोलण्यात. तेव्हा सरावासाठी मी पेशंट. "मामा, तुम्ही रागावलेले नातेवाईक व्हा," असं सांगायचा. त्यासाठी मला तयारी लागली नाही. मग वाईट बातमी सांगायचा प्रसंग आला. तो खुर्ची ओढून बसला, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "मामा, रिपोर्ट आलेत. बातमी जरा काळजीची आहे." आणि थांबला. अशा वेळी थांबायचं असतं म्हणे, समोरच्याला सावरायला अवधी द्यायचा असतो. पण आम्ही व्हिडिओ कॉलवर होतो आणि आमच्या घराण्यात कुणी बोलता बोलता गप्प होत नाही. मी म्हणालो, "रेंज गेली का रे?" तो गप्पच. तेवढ्यात मागून जाणाऱ्या अक्कानं 'रिपोर्ट' आणि 'काळजी' एवढंच ऐकलं आणि भांडं खाली टाकलं. त्या संध्याकाळी मला चार घरचे लोक भेटून गेले.

आणखी एक गंमत त्यानं सांगितली होती. पेशंटला विचारायचं, तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल? आणि कसली धास्ती वाटते, आमच्याकडून काय अपेक्षा आहे? हे नाही विचारलं तर मार्क जातात. मी म्हणालो, हा प्रश्न अहमदपुरात कुणा डॉक्टरनं विचारला तर पेशंट चप्पल घालून उठेल. "डॉक्टर तुमी का मी?" म्हणेल आणि शेजारच्या दवाखान्यात जाऊन सलाईन लावून घेईल. डॉक्टर हसला, पण वहीत लिहून घेतलं.

जायचं ठरलं तेव्हा अक्का रुसली. दाजींनी, म्हणजे त्याच्या वडलांनी, समजूत काढायला इतिहास काढला. "आगं, आपल्या सोलापूरचा डॉक्टर कोटणीस 1938 ला चीनला गेला, बोटीत बसून. तिथली भाषा शिकला, तिथल्या दवाखान्याचा मुख्य झाला, तिथंच लग्न केलं."

"तेच म्हणायले ना मी!" अक्का म्हणाली.

कोटणीस 1942 मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथंच गेले, हे दाजींनी गाळलं.

तर डॉक्टर गेला. नोकरी मिळाली ती लंडनात नव्हे, दक्षिण वेल्सच्या डोंगरातल्या एका गावात. पहिले पंधरा दिवस फोनवर "मस्त चाललंय" एवढंच. कमरेला ब्लीप नावाचं काळं यंत्र बांधतात, ते रात्री तीनला ओरडतं आणि ते ओरडलं की पोटात गोळा येतो, हे त्यानं पुढं पुष्कळ दिवसांनी सांगितलं. पण अक्काला त्याआधीच कळलं होतं. व्हिडिओत त्याच्या मागं टेबलावर धपाट्यांचा डबा उघडा दिसायचा. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आज नऊ हायत. काल बी नऊच होती." आणि फोन माझ्या हातात देऊन आत गेली.

मग एके दिवशी त्याला मन रमवायची युक्ती सापडली. घरमालकानं पाइप दुरुस्तीवाला पाठवला होता, तो फोनवर म्हणाला, "नाऊ, इन अ मिनिट." डॉक्टर दारात जाऊन उभा राहिला. तासाभरानं मिस्त्री उगवला, आणि डॉक्टरच्या डोक्यात उजेड पडला. आपल्याकडं "हा काय, आलोच" म्हणणारा माणूस अजून आंघोळीला गेलेला असतो, तेच हे! त्या दुपारी अडीचला मला पहिल्यांदा ते वाक्य ऐकू आलं, "मामा, हे तर आपल्यासारखंच!"

तेव्हापासून तो थांबलेला नाही. एक म्हातारी "आय केम ओव्हर ऑल फनी" म्हणाली. याला वाटलं, हिला हसू फुटलं. नर्सनं समजावल्यावर उलगडलं, म्हणजे 'कसंतरीच व्हायलंय'! पुस्तकात न सापडणारा, पण किनगावच्या बाजारात दिवसाला वीस वेळा ऐकू येणारा आजार. गावात निम्मे लोक जोन्स आणि निम्मे इव्हान्स, म्हणून धंद्यावरून ओळखायचं, 'जोन्स द मिल्क'. आपल्याकडं पाटलांचं असंच, गिरणीवाले पाटील आणि टेम्पोवाले पाटील. पाट्या दोन भाषांत असतात, दवाखान्याला वेल्श भाषेत 'अस्बटी' म्हणतात, रस्त्यावर 'स्लो'च्या जोडीला 'अराफ' रंगवलेलं असतं. आभार मानायला 'दिओल्ख' म्हणायचं, त्यातला 'ख' घशातून खरवडून काढायचा. तिथल्या इंग्रज डॉक्टरांना तो जमत नाही, म्हणाला. आमचा पणजोबा निजामाच्या शाळेत उर्दू शिकलेला, तो 'ख़' आमच्या घरात अजून पडून आहे.

एक माणूस मात्र त्याच्या मनात घर करून बसला. दमा लागलेला म्हातारा खाणकामगार. वेल्सच्या त्या भागात सगळी कोळशाची जमीन. सरकारनं टॉवर नावाची खाण बंद केली तेव्हा कामगारांनी आपल्याला मिळालेल्या पैशांतले आठ-आठ हजार पौंड काढले, 1995 मध्ये खाण स्वतःच विकत घेतली आणि 2008 पर्यंत चालवून दाखवली. म्हाताऱ्यानं धापा टाकत हे सगळं सांगितलं. डॉक्टर स्टेथोस्कोप कानातून काढून ऐकत राहिला. मला म्हणाला, "मामा, शेअर गोळा करून! म्हणजे सहकारी साखर कारखानाच की!" मी विचारलं, चेअरमन कोण होता? तो म्हणाला, ते नाही विचारलं. अहमदपूरचा माणूस असून पहिला प्रश्न विसरला.

तिथल्या सरकारी आरोग्य सेवेचा, एनएचएसचा, त्याला विलक्षण अभिमान. ती सुरू करणारा मंत्री अन्यूरिन बेव्हन याच डोंगरातला, खाणीत काम केलेला. तारीख 5 जुलै 1948. "म्हणजे मामा, ती जन्मली तेव्हा आपण निजामातच होतो. आपला मुक्तिदिन 17 सप्टेंबर. अडीच महिन्यांनी थोरली बहीण आपली." तिकडं 17 सप्टेंबर आला तेव्हा त्यानं वॉर्डात सुशीला करून नेली. मुरमुरे मिळाले नाहीत म्हणून तिकडच्या न्याहारीच्या कुरमुरीत तांदळाचं खोकं आणलं आणि आपल्या पद्धतीनं भिजवून पिळलं. त्याचं जे काही झालं ते लापशीच्या जवळचं होतं, वर कांदा, शेंगदाणे, हिरवी मिरची. नर्सेसनी 'लव्हली' म्हणून खाल्लं. इंग्रजीत 'लव्हली'चे किती अर्थ होतात हे त्याला अजून नीट कळलेलं नाही, आणि आम्ही कुणी सांगणार नाही.

एकाच गोष्टीत त्याला आपल्यासारखं काही सापडलं नाही. पाणी. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हा हा लातूरला, खोलीवर दोन बादल्यांत दिवस काढणारा. वेल्समध्ये आठ-आठ दिवस पाऊस लागतो, डोंगर ओले, छपरं गळणारी, लोक हवेला शिव्या देतात. हा खिडकीशी उभा राहून हिशेब करतो, एवढ्यात मांजरा धरण किती भरलं असतं. वॉर्डातून जाताना कुठं नळ ठिबकत असला तर वळून जाऊन बंद करतो. कुणी हात धुताना नळ सोडून गप्पा मारू लागलं की याची नजर माणसावर नसते, नळावर असते. सिस्टरनं एकदा विचारलं, डॉक्टर, हे काही धार्मिक आहे का? हा म्हणाला, हो.

मागच्या डिसेंबरात वेळ अमावस्येला तो सुट्टी काढून आला. शेतात कडब्याची कोप, त्यात मांडलेले पांडव, मडक्यात आंबील, भज्जी, उंडे. सगळं जिथल्या तिथं, फक्त डॉक्टर जागेवर नव्हता. बसल्या बसल्या "आमच्याकडं ह्या दिवसांत चारलाच अंधार पडतो" म्हणाला. दाजींनी द्रोण खाली ठेवून माझ्याकडं पाहिलं. मी आंबील प्यालो.

डॉक्टर आलाय ही बातमी तोवर बांधाबांधानं पसरली होती. शेजारच्या शिवारातली म्हातारी काठी टेकत आली. "डॉक्टर, लई भोवळ यायलीय. उठलं की डोळ्याम्होरं अंधारी."

डॉक्टर खाली मांडी घालून बसला. नाडी धरली. आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "आजी, तुम्हाला काय वाटतं, कशानं होत असंल?"

मी कपाळाला हात लावला. आता ती उठणार.

म्हातारी उठली नाही. काठी आडवी ठेवली आणि म्हणाली, "मला काय वाटतंय, सांगू?" दिवाळीत म्हैस विकली तिथून सुरुवात झाली. मग सुनेचं बोलणं, पुण्याचा नातू, गुडघे. भज्जीवर साय धरली. डॉक्टर मान हलवत होता, मधेच थांबत होता, आणि या खेपेला रेंज गेली का असं कुणी विचारलं नाही. अर्ध्या तासानं बोलण्यात म्हातारा आला, म्हणजे तिचा नवरा, पावसाळ्यात वारलेला. त्याच्या बीपीच्या गोळ्यांची पाकिटं बरीच उरली होती. "चांगल्या गोळ्या, वाया कशाला घालवायच्या? माझी एक घ्यायले अन् त्यांची एक. तवापासून भोवळ."

डॉक्टरनं तिचा हात सोडला नाही. म्हाताऱ्याच्या गोळ्या बंद करायच्या, सगळी पाकिटं उद्या मला आणून दाखवायची, असं दोनदा समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, पदरानं डोळे पुसले, पदर सारखा केला आणि दंड पुढं केला.

"ते समदं खरं. सुई कवा द्यायलाव?"