एक तृतीयांश घोडा

आपल्याकडच्या मोटार वाहन नियमांत एक फार सुखाची जागा आहे. सायकलीला २५० वॉटपर्यंतची मोटर लावा, ताशी २५ किलोमीटरचा वेग आला की ती आपोआप गप्प बसेल अशी सोय करा आणि पेडलं शाबूत ठेवा. मग त्या वाहनाला मोटर असूनही ते मोटार वाहन राहत नाही. नंबर प्लेट नको, लायसन्स नको, विमा नको, पीयूसी नको. कायद्यानं पुणेकराला एवढी मोकळीक एकदम कधी दिलेली नाही. त्यामुळे मी ती ताबडतोब घेतली आणि कोथरूड ते बाणेर हा रोजचा प्रवास बॅटरीच्या सायकलीवर सुरू केला.

एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. भागाकार केला तर माझ्या वाट्याला घोड्याचा एक तृतीयांश भाग येतो. पुढचा, मधला की मागचा, ते चढावर कळतं.

घरी मी हा आकडा मोठ्या अभिमानानं सांगितला. बायको शेंगदाण्याचं कूट करत होती. तिनं बटण बंद केलं आणि म्हणाली, "आपला मिक्सर साडेसातशेचा आहे."

"त्याला चांदणी चौक चढायचा नसतो," मी म्हणालो. पण ते घर्रर्र आवाजात गेलं.

नव्या वाहनाला लागणाऱ्या जोडवस्तू दुकानात तयार होतात असा माझा समज होता. त्या शेजारपाजारच्या प्रश्नांतून तयार होतात. सायकल सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी केली त्याच संध्याकाळी तळमजल्यावरचे काका खाली वाकून, चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "झकास आहे. चोरीला गेली म्हणजे?" 'गेली तर' नाही, 'गेली म्हणजे'. काकांनी तारीख तेवढी सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी मी एक यू-लॉक आणि एक जाड साखळी आणली. चोराला हत्यारं जड पडावीत म्हणून कुलूप जड करतात म्हणे. ते रोज वाहून न्यायचं मात्र मालकाला असतं.

आईचा प्रश्न पावसाचा होता. "विजेची वस्तू आणि तू ती पावसात नेणार?" मी तिला समजावलं, की बॅटरी बंद पेटीत असते, वायरींच्या जोडांना रबरी टोप्या असतात, पावसानं काही होत नाही, फक्त पाण्याच्या फवाऱ्याखाली धरून धुवायची नाही. आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि बॅटरीसाठी जुन्या छत्रीच्या कापडाचं एक अंगरखं शिवलं. त्याला नाडी आहे. शिवाय दोन मडगार्ड आले, चिखलासाठी मागच्या मडगार्डला रबरी झालर आली आणि माझ्यासाठी पिवळाधमक पोंचो आला. तो घालून निघालो की रस्त्यावरची लहान मुलं हात हलवतात.

बायकोनं प्रश्न विचारलाच नाही. तिनं यादी दिली. येताना दोन किलो कांदे, एक किलो टोमॅटो, कोथिंबिरीच्या दोन जुड्या. त्या यादीतून लोखंडी कॅरिअर आलं आणि कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या कापडी बॅगा आल्या. खांदा मोकळा राहतो, पाठीला घाम येत नाही, तोल नीट राहतो, असे त्यांचे फायदे दुकानदारानं सांगितले आणि ते खरे आहेत. मात्र रिकामी बॅग ही गोष्ट आमच्या घरात कुणाला बघवत नाही. हळूहळू तीत डबा, पाण्याची बाटली, ऑफिसचे बूट, जादा शर्ट, हवा भरायचा पंप आणि कुणाकुणाला द्यायची भांडी जाऊ लागली.

सायकलवर सिंहगड गाठणारा एक मावसभाऊ आहे. त्यानं माझ्या मोटरकडे बघून आधी, "अरेरे, गुडघे गेले का?" असं विचारलं आणि मग आरसा, पुढचा दिवा, मागचा लुकलुकणारा लाल दिवा आणि हेल्मेट घ्यायला लावलं. हेल्मेटसक्ती म्हटली की पुण्यात निवेदन, सभा आणि मोर्चा हे ओघानं येतं. सायकलीला अशी सक्ती नाही, म्हणून मी हेल्मेट अगदी मनापासून घालतो. सक्ती झाली की काढीन.

तर असा सगळा संसार घेऊन घोड्याचा तो तृतीयांश सकाळी पौड रस्त्याला लागतो. डोक्यावरून मेट्रो जात असते. २०२२ च्या मार्चमध्ये वनाज ते गरवारे कॉलेज ही मेट्रो सुरू झाल्यापासून खांबांची सावली तेवढी आम्हा सायकलवाल्यांना फुकट मिळते. वनाजच्या कोपऱ्यावर एकदा वाहतूक पोलिसानं हात केला.

"नंबर प्लेट कुठंय?"

"लागत नाही."

"लायसन्स?"

"तेही लागत नाही."

"इन्शुरन्स? पीयूसी?"

मी २५० वॉट आणि २५ किलोमीटरचा पाढा म्हटला. त्यांनी सायकलीभोवती एक प्रदक्षिणा घातली, बॅटरीच्या अंगरख्याची नाडी बोटात धरून पाहिली आणि कळवळून म्हणाले, "अहो, मग तुम्हाला सोडायचं कशाबद्दल?"

सिग्नलला थांबलं की शेजारचा स्कूटरवाला हमखास विचारतो, "किती देते?" या प्रश्नाला माझ्याकडे शास्त्रशुद्ध उत्तर आहे. बॅटरी ३६ व्होल्टची, दहा अँपिअर-अवर, म्हणजे ३६० वॉट-अवर. भिंतीतून घेताना थोडी वीज वाया गेली तरी पूर्ण चार्जिंगला अर्ध्या युनिटच्या आतच काम भागतं. पुढे किती किलोमीटर जाईल ते चढ, वारा, वजन आणि माझे पाय यांवर ठरतं. एवढं सांगेपर्यंत सिग्नल सुटलेला असतो. म्हणून हल्ली मी थोडक्यात सांगतो, "मी जेवढं देतो त्यावर आहे." स्कूटरवाल्याला वाटतं, मी अध्यात्मात आहे.

पण ही सायकल मुळात तशीच आहे. यामाहानं १९९३ साली जपानमध्ये पेडल मारणाऱ्यालाच मोटरनं साथ द्यायची अशी सायकल बाजारात आणली. हिंमते मर्दा तो मददे खुदा, ही म्हण यंत्रात बसवलेली पहिल्यांदाच दिसली असावी. महागड्या सायकलींत पायाचा जोर मोजणारा सेन्सर असतो. माझ्या सायकलीत पेडलच्या दांड्यापाशी चुंबकांची एक चकती आहे. पाय फिरताहेत एवढंच तिला समजतं, जोर लागतोय की नाही हे तिला कळत नाही. अशी हजेरी घेणारे साहेब ऑफिसात मिळाले असते तर मी एव्हाना मॅनेजर झालो असतो.

कोथरूड डेपो मागे पडला की चांदणी चौकाचा चढ लागतो. इथला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्यरात्री सुरुंग लावून पाडला आणि पुढच्या ऑगस्टमध्ये नवे पूल खुले झाले. पूल गेला, पूल आले, चढ आहे तिथंच आहे. धडधाकट माणसाचे पाय तासभर टिकवून साधारण शंभर वॉट काढू शकतात. तेव्हा इथं मी एकटा नसतो, आम्ही साडेतीन जण असतो. फुटपाथवरून सायकल हातात धरून चढणाऱ्या माणसाशेजारून मी दम न लागता जातो आणि चेहऱ्यावर मुद्दाम थोडे कष्ट दाखवतो. उतारावर बावधनच्या बाजूला हिशेब उलटा होतो. २५ चा आकडा ओलांडला की मोटर हात वर करते. तिथून पुढे कुलूप, साखळी, कांदे आणि भांडी यांचीच ताकद कामाला येते.

पंक्चर व्हायचं ते मागचंच चाक होतं, आणि मोटर त्याच चाकाच्या हबमध्ये आहे. ऑग्डेन बोल्टन या अमेरिकन गृहस्थांना ३१ डिसेंबर १८९५ रोजी विजेच्या सायकलीचं पेटंट मिळालं, त्यांनीही मोटर मागच्या चाकाच्या हबमध्येच घातली होती. पंक्चरवाल्याचं मत तेव्हाही कुणी विचारलं नसणार. पाषाणच्या पंक्चरवाल्यासमोर मी बॅगेतून अठरा नंबरचा पाना, वायरीचा जोड कसा सोडवायचा याचं चित्र आणि रबरी हातमोजे काढून ठेवले. त्यानं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चाक जागेवरच ठेवून टायर एका बाजूनं उचकटला, ट्यूब बाहेर ओढली, घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे शोधले, ठिगळ लावलं आणि टायर पुन्हा बसवला. मग विचारलं, "हे हातमोजे कशाला?" मी ते बॅगेत परत ठेवले. लागतील कधीतरी.

ऑफिसात पोचल्यावर बॅटरी काढून जागेवर नेऊन चार्ज करायची, हा माझा शिरस्ता. एके दिवशी गेटवर नवीन सिक्युरिटी गार्ड होता. काळी, लांबट, दिवे लागणारी पेटी, तीही नाडीच्या अंगरख्यात, हे पाहून तो चार पावलं मागे गेला. बरीच चर्चा होऊन बॅटरीची नोंद 'आत येणारा माल' या रजिस्टरमध्ये झाली. संध्याकाळी निघालो तर तो म्हणाला, "सर, माल बाहेर न्यायला आउटवर्ड पास लागेल. ॲडमिनच्या सहीचा."

ॲडमिन साडेपाचलाच घरी गेलं होतं. बॅटरी ऑफिसात राहिली. कुलूप, साखळी, पोंचो, पंप, पाना, हातमोजे आणि त्या दिवशीची भाजी मात्र पासशिवाय सुटली.

पाषाणपर्यंत ठीक होतं. बावधनवरून चांदणी चौक चढताना घोडा नव्हताच, त्याचा खोगीर-बोजा मात्र पुरा होता. अर्ध्या चढावर मी खाली पाय टेकला. तेवढ्यात एक स्कूटरवाला शेजारी हळू झाला.

"पेट्रोल संपलं?"

"सायकल आहे ही. बॅटरीची."

"मग बॅटरी?"

"ऑफिसात आहे."

यावर पुढे काही विचारण्यासारखं त्याला सुचलं नाही. "बसा," म्हणाला आणि बंद पडलेल्या दुचाकीला देतात तसा एक पाय त्यानं माझ्या कॅरिअरच्या कडीला लावला. स्कूटर गुरगुरली, सायकल हलली आणि आम्ही दोघं कांदे-टोमॅटोसह चढू लागलो. कॅरिअर कुरकुरलंसुद्धा नाही. वर पोचल्यावर त्यानं पाय काढून घेतला, कॅरिअरवर दोनदा थाप मारली आणि निघता निघता ओरडून विचारलं,

"भक्कम आहे हो! कितीला पडलं?"