बारा तास कोरडे

मुलाला शू सांगायला शिकवायचं असेल, तर आधी शू झाल्याचं त्याला कळणारच नाही अशी चड्डी घाला. हा शोध ज्याने लावला त्याचा पुतळा अजून एकाही चौकात उभा राहिला नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं. आपण याहून कमी कर्तबगारीवर पुतळे उभारलेले आहेत.

या चड्डीला ट्रेनिंग पँट म्हणतात. अमेरिकेत किंबर्ली-क्लार्क कंपनीने १९८९ साली 'पुल-अप्स' आणल्या. तोवर मूल एक तर डायपरमध्ये असे, नाही तर चड्डीत. या दोन्हींच्या मध्ये काही आठवडे आईबाप हातात फडकं घेऊन मुलाच्या मागे धावत. त्या आठवड्यांत कंपनीला दमडी मिळत नसे. धंद्यातल्या माणसाला असं रिकामं शेत बघवत नाही. त्यांनी तिथे पँट पेरली आणि आठवड्यांचे महिने उगवले. मूल ती स्वतः वर ओढतं, स्वतः खाली करतं, आणि जाहिरातीत आपण मोठे झाल्याचं गाणं गातं. मोठं झालेलं हे मूल आत काय करतंय, ते गाण्यात येत नाही. पुढे १९९४ साली त्याच कंपनीने रात्री अंथरूण ओलं करणाऱ्या थोराड मुलांसाठी 'गुडनाइट्स' काढलं (आपल्याकडे या नावाने डास मरतात). म्हातारपणासाठी 'डिपेंड' होतंच. मधली चाळीस-पन्नास वर्षं गिऱ्हाईक हातचं निसटतं खरं, पण तेवढी गळती कुठल्याही धंद्यात धरावी लागते.

यामागे शास्त्र नाही असं कोण म्हणेल? केंब्रिज, मॅसॅच्युसेट्सचे बालरोगतज्ज्ञ डॉ. टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली १,१७० मुलांच्या नोंदी मांडून सांगितलं, की दीड वर्षाच्या सुमारास सुरुवात करा, पण जबरदस्ती नको, मुलाच्या कलाने घ्या. सल्ला शंभर टक्के शहाणपणाचा. त्यांच्या नोंदीतली मुलं दिवसा कोरडी राहायला लागली ती सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांची असताना. म्हणजे अडीच वर्षांच्या आत काम तमाम. पण बाजाराला यातलं एकच वाक्य ऐकू आलं: थांबा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हेच डॉक्टर पॅम्पर्सच्या सहा नंबरच्या, म्हणजे चांगल्या दणकट पोरांच्या मापाच्या डायपरच्या जाहिरातीत दिसले. टीका झाली. डायपर खपले.

आपण मात्र अमेरिकेच्याही पुढे गेलो. तिकडे निदान आधी चिकटपट्टीचा डायपर आणि मग पँट, असा काही क्रम आहे. आपल्याकडे चिकटपट्टीवाला कधी मागे पडला ते कळलंच नाही. आता बारशाच्या आधीच बाळ पँटमध्ये असतं. वाण्याकडे शाम्पूच्या पुड्यांशेजारी पँटांच्या दोन-दोनच्या माळा लटकतात. मूल जन्मापासून उमेदवारीवर, आणि कायम कधी करणार ते कुणी सांगत नाही.

त्या पुड्यावर काय लिहिलेलं असतं? बारा तास कोरडेपणा. आता बघा, ओलं लागलं की मूल रडतं, चुळबुळतं, खाली बघतं, आणि 'हे माझ्यातूनच आलं' हा साक्षात्कार त्याला होतो. या विषयातला मास्तर तो ओलावाच. आपण दुकानात जाऊन, पैसे मोजून, त्या मास्तरला बारा तासांच्या रजेवर पाठवतो आणि तेराव्या तासाला मुलाला विचारतो, "अरे, तुला सांगायला काय होतं?" काय सांगणार बिचारं? त्याच्या बाजूने काहीच घडलेलं नाही. पँटवरची पिवळी रेघ मात्र निळी होते. म्हणजे ज्याला कळायला हवं त्याला कळत नाही, आणि बाबाला रंगीत छपाईत कळतं.

आजीचं शिक्षणशास्त्र यापेक्षा स्वस्त होतं. पाय लांब करून ती मोरीच्या कडेला बसायची, दोन्ही पावलांवर बाळाला टेकवायची, गुडघ्यांना त्याची पाठ लावायची आणि ओठांचा चंबू करून 'शूऽऽ शूऽऽ' सुरू. सकाळी उठल्यावर, दूध पाजल्यावर, झोपायच्या आधी. तिला ना ॲप होतं, ना स्टिकरचा तक्ता. अर्थात तिचं सगळंच गोड मानून घ्यायचं कारण नाही. उशीर झाला की धपाटा मिळे, आणि चारचौघांत 'शी, घोडा झाला तरी!' असा जाहीर उद्धार होई. शिवाय तिच्याकडे एक साधन होतं जे आज कुठल्याच दुकानात मिळत नाही: दिवसभर घरात असलेली सून, नाहीतर धुणी-भांडी करणारं दुसरं कुणीतरी. म्हणून आज कुणी आजी 'आमच्या वेळी वर्षाचं पोर सांगायचं' असं म्हणाली, की सूनबाई लॅपटॉपमधून मान वर काढत नाही, आणि बरोबर करते. वर्षाचं पोर सांगत नव्हतं. आजी ओळखत होती.

या पँटेचं सगळं कौतुक तिच्या रूपात आहे. ती हुबेहूब चड्डीसारखी दिसते. आमच्या ओळखीच्या एका घरात ती इतकी हुबेहूब दिसली, की कामाच्या मावशींनी ती इमानेइतबारे बाकीच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकली. आत सोडियम पॉलिॲक्रिलेटची भुकटी असते. ती स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी पिते, आणि साध्या पाण्यात तर तिला उधाणच येतं, कारण मुलाच्या शूमधले क्षार तिला जो थोडा आवर घालतात तोही तिथे नसतो. मशीनचं झाकण उघडलं तेव्हा आजोबांच्या बंडीपासून सूनबाईंच्या चंदेरीपर्यंत सगळ्यावर भिजवलेला साबुदाणा चिकटलेला. आजी म्हणाल्या, "एकादशी आजच आहे का?" आजोबा रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी स्वयंपाकघरातून मिठाची पिशवी आणून मशीनमध्ये ओतली. मिठाने तो गोळा पाणी सोडतो, हे शास्त्राला धरून होतं. निवृत्तीनंतर प्रथमच घरात त्यांचं कुणीतरी ऐकलं.

अशी आपली पँट निवांत तिसऱ्या वाढदिवसापर्यंत पोचते. मग नर्सरीचा फॉर्म येतो. त्यात आईबापांच्या पदव्या, घरात बोलली जाणारी भाषा, मुलाच्या आवडीनिवडी, आणि तळाशी बारीक अक्षरात प्रश्न: मूल टॉयलेट-ट्रेन्ड आहे का? इथे घराची झोप उडते. दोन वर्षं मुलाच्या कलाने घेणारे पालक आता जूनच्या कलाने घेऊ लागतात. बाळाला दर वीस मिनिटांनी उचललं जातं. बेडकाच्या तोंडाची पॉटी येते, बदकाच्या तोंडाची येते. मूल त्यात गाड्या ठेवतं. बाबा ऑफिसच्या मीटिंगमधून मेसेज करतात: 'झाली?' आई फोटो पाठवते, आणि तो फोटो घाईघाईत ऑफिसच्याच ग्रुपवर पडतो. फॉर्मवर 'होय' तर आधीच लिहून झालेलं असतं. पहिल्या दिवशी बाईंच्या हाती दप्तर देताना आई हळूच सांगते, "आत दोन पँट्स आहेत हं, असाव्यात म्हणून."

आता, पँटेला सरसकट झोडपावं एवढा मी करंटा नाही. खंडाळ्याच्या घाटात ट्रकमागे दोन तास अडकलेल्या माणसाला विचारा. लग्नात नवरी मुलगी भाच्याला मांडीवर घेते, तिलाही विचारा. रात्रीचं तर वेगळंच आहे, दिवसा शहाणी झालेली कित्येक मुलं पाच वर्षांची होईस्तोवर अंथरूण ओलं करतात आणि त्यात काही वावगं नाही असं डॉक्टरच सांगतात. तक्रार आहे ती घाटातली सोय दिवाणखान्यात आणल्याबद्दल. सुटीच्या दिवशी, घरात चार माणसं हजर असताना, फरशी तीन मिनिटांत पुसून होत असताना पोराला पँट चढवायची आणि त्याला प्रशिक्षण म्हणायचं, याला मात्र जिगर लागते.

राहिला कचऱ्याचा प्रश्न. बारा तास कोरडी राहिलेली पँट ओल्या कचऱ्यात टाकायची की सुक्या, यावर आमच्या सोसायटीच्या सभेत दोन गट पडले आणि इतिवृत्तात दोन्हींची नोंद झाली. उत्तर दोन्ही नाही. ती वेगळी ठेवायची असते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कंपन्यांना सांगितलं, की पुनर्प्रक्रिया होईल असाच कच्चा माल वापरायचं बघा, नाहीतर प्रत्येक नगामागे गुंडाळायला पिशवी द्या. पुण्यात 'स्वच्छ' या संस्थेच्या कचरावेचक बायांनी त्याच्याही पुढचं साधं सांगितलं: वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून बघायची पाळी आमच्या हातांवर येणार नाही. तेव्हा हे पान वाचून झालं की जपून ठेवा, आकाराने बरोबर बसतं. ठिपका फक्त मागच्या बाजूला काढा. पुढे संपादकांचा फोटो आहे.