वैशाखात खुरपं टांगून ठेवा

कॅनडात २५ मेच्या आधीच्या सोमवारी व्हिक्टोरिया डेची सुट्टी असते. तोवर पहाटेचं दव गोठायचं थांबलेलं असतं असा तिथला जुना अनुभव, म्हणून माणसं त्या सुट्टीला बागेत उतरतात. टोरांटोकडच्या मराठी घरांतही खिडकीपाशी कपात जोपासलेली भेंडीची, दुधीची, टोमॅटोची रोपं तेव्हाच परसात जातात. हे सगळं मोबाइलवर दिसतं आणि इकडे कळमनुरीत, सेनगावात, वसमतमध्ये हौशी माणसाच्या हाताला खाज सुटते. बाहेर पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर, काळ्या जमिनीला पंजा आत जाईल एवढ्या भेगा, अंगणातलं कुत्रं रांजणाखालच्या ओल्या मातीतून उठायला तयार नाही. पण व्हिडिओतली बाई हसतमुखानं सांगते आहे की मे हाच लावणीचा महिना, त्या अर्थी असेलच. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. हिंगोली जिल्ह्यात वैशाखात परसबाग मोकळी ठेवणं ही शास्त्रशुद्ध शेती आहे. जो माणूस या दिवसांत खुरपं खुंटीला टांगून ओट्यावर आडवा होतो, त्याला घरच्यांनी आळशी म्हणणं थांबवावं.

थंड मुलखातल्या माळ्याला शत्रू एकच. पेशीतलं पाणी गोठलं की कोवळं रोप रात्रीतून काळं पडतं. या शत्रूची तिथे एवढी धास्ती, की जर्मनीत ११ ते १५ मे हे दिवस संतांच्या नावे लावून दिलेले आहेत. मामेर्टस, पांक्राट्स, सर्व्हाट्सियस, बोनिफाट्सियस असे चार बुवा आणि शेवटी १५ तारखेला ‘थंड सोफी’. ही बाई गेल्याशिवाय शहाणा माणूस टोमॅटो बाहेर काढत नाही. आपल्याकडे हेच काम नक्षत्रं करतात. २५ मेच्या सुमारास रोहिणी, ७-८ जूनला मृग. शिवाय आपलं नक्षत्र पायी येत नाही, पंचांगकर्ते त्याला वाहन देतात, आणि यंदा बेडूक आहे की कोल्हा यावर पारावर दोन-दोन तास चर्चा होते. सोफीकडे ही सोय नाही. पण दोन्हीकडे मुद्दा एकच: जीव घेणारा काळ सरू द्या, मग बी मातीत घाला. त्यांचा जीव घेणारा काळ जानेवारी, आपला वैशाख. पंचांगानं वैशाखाला वसंतात बसवलं आहे हे खरं, पण ते बसवताना पंचांगकर्ता भर दुपारी औंढ्याच्या रस्त्यावर उभा नव्हता.

टोमॅटोचंच घ्या. दिवसाचं तापमान पस्तिशीच्या पुढे जाऊन रात्रही निवली नाही, की त्याचे परागकण निकामी होतात आणि फुलं देठापासून गळतात. आपल्याकडे मे महिन्यात रात्री दोन वाजताही भिंतीला पाठ टेकवत नाही. तिथे टोमॅटोनं संसार थाटावा ही अपेक्षाच चुकीची. तेच रोप दिवाळीच्या आगेमागे लावलं तर फांद्या मोडेस्तोवर लागतं, कारण मार्गशीर्षातली आपली दुपार तिशीच्या आत राहते. टोरांटोचा जून आणि हिंगोलीचा मार्गशीर्ष हे सख्खे भाऊ आहेत, फक्त लांब राहतात. मटार, पालक, मुळा, गाजर ही मंडळी भेटायला जातात ती या भावांकडे. वैशाख हा त्यांच्या नात्यातच नाही.

यात घात करतो तो वळीव. त्यांच्याकडे मार्चअखेर एखादा आठवडा उबदार जातो, कळ्या फसून उमलतात आणि मग दव गोठतं. आपल्याकडे मेअखेर ढग गडगडतात, दोन घरांवरचे पत्रे उडतात, मातीचा वास सुटतो आणि उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधून वाफ्यात उतरतो. बी उगवतं, पुढचे बारा दिवस आभाळ निरभ्र, आणि कोंब वाळून जातो. दुबार पेरणीनं घरदार मोडलेल्या भागात हे काही नव्यानं सांगायला नको. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सोयाबीनवाल्यांना बजावतो. परसातल्या गवारीला हा नियम लागू नाही असं कोणी सांगितलं?

आणि मोकळी जमीन रिकामटेकडी नसते. थंड देशात गोठणं आणि वितळणं यांनी ढेकळं फुटतात, किडीही मरतात. आपल्याकडे हे काम ऊन फुकटात करतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला जमीन उकरून पालथी घातली की हरळीच्या काश्या वाळतात, हुमणीच्या अळ्या आणि किडींचे कोष उघड्यावर पडतात, साळुंक्या आणि बगळे ते वेचतात. ऐन वैशाखात तिथे पाणी घालून रोप लावायचं म्हणजे मरू घातलेल्या हरळीला सलाइन लावण्यासारखं आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो भेंडी-गवारीचा. ही उन्हाळी भाजी आहे ना? आहे, पण उन्हाळी भेंडीची पेरणी जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीअखेर होते. मेमध्ये ती तोडायची असते. ऊन कडक होईपर्यंत तिची मुळं खाली पोचलेली असतात. दुसरा आक्षेप शेडनेटचा. हिरवं कापड ऊन अडवतं, झळ अडवत नाही. विहिरीला पाणी असेल, विजेचा लहरीपणा सोसत असेल, तर नेटखाली कोथिंबीर होते, नाही असं नाही. ती इतकी सहज होत असती, तर मे महिन्यात भाजीवाल्यांनी जुडीवर फुकट काडी देणं बंद केलं नसतं.

तिसरा आक्षेप घरातून येतो, म्हणून जपून उत्तर द्यावं लागतं. अक्षय तृतीयेला आजी वेलांची आळी घालायच्याच की! घालायच्या. पण आळं म्हणजे वाफा नव्हे. वीतभर खोल खड्डा, त्यात मुरलेलं शेणखत, दोन-चार बिया दोडक्याच्या किंवा भोपळ्याच्या, आणि जागा बहुधा न्हाणीच्या मोरीजवळ. भांड्यांचं, आंघोळीचं पाणी आपसूक तिथे जिरतं. आजींनी अख्खी बाग कधीच लावली नाही, सांडपाण्याला पुरेल एवढीच लावली. पाऊस येईतो वेल मांडवाला हात घालतो. व्हिडिओवाल्या बाईंपेक्षा आजींचा पाण्याचा हिशेब चोख होता.

शेवटचा आक्षेप मात्र वजनदार आहे, कारण तो हळदीचा आहे आणि या जिल्ह्यात हळदीबद्दल जपूनच बोलावं. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हिंगोलीचा हळद बाजार लांबलांबच्या व्यापाऱ्यांना माहीत आहे, आणि ही हळद लावतात ती मे-जूनमध्येच! मग वैशाखात लावू नये हे कसं? तर हळदीचं बी म्हणजे जेठा गड्डा, आणि तो घरून शिदोरी बांधून निघालेला असतो. पोटात अन्न आणि पाणी दोन्ही. जमिनीखाली तो सावलीत पडून राहतो, सावकाश कोंब काढतो, आणि आठ-नऊ महिने कोणाला हिशेब देत नाही. तोवर पाऊस येऊन पोचतो. शेतात तर गादीवाफ्यावर ठिबकच्या नळ्याही असतात. मेथीच्या दाण्याजवळ यातलं काही नाही, तो चार दिवसांत उघड्यावर येतो आणि दुपारी बाराला भाजून निघतो. तेव्हा ज्याला अगदीच राहवत नाही त्यानं कोपऱ्यात चार जेठे गड्डे पुरावेत, वर पाचट पसरावं, अधूनमधून तांब्याभर पाणी घालावं. फक्त कोंब आला का हे बघायला रोज उकरू नये.