ॲव्हरेज कसं काढावं: नव्या चालकांसाठी पहिले धडे

अभिनंदन. परवाना हातात आला, गाडी दारात आली, पेढे वाटून झाले आणि सोसायटीच्या गेटपाशी पहिला प्रश्नही विचारून झाला: "ॲव्हरेज किती देते?" एअरबॅग किती आहेत, हे कोणी विचारणार नाही. तेव्हा गाडी चालवायला शिकण्याआधी ॲव्हरेज काढायला शिका.

साहित्य: एक डायरी, तिला दोऱ्याने बांधलेलं बॉलपेन आणि घरातला एक असा ज्येष्ठ, ज्याने कधीकाळी प्रीमियर पद्मिनी चालवली आहे. आमच्याकडे हे पद काकांकडे होतं.

पहिला धडा घाटातच घ्यायचा. इगतपुरी मागे टाकून कसारा घाटाच्या तोंडाशी आलो की काका गाडी न्यूट्रल करायचे आणि किल्ली फिरवून इंजिनच बंद करायचे. गाडीत एकदम सामसूम. टायरचा सूंऽऽ आवाज, दारांची खडखड, आणि काकांच्या चेहऱ्यावर ओळख नसलेल्या लग्नात जेवून आल्याचं समाधान. "बघ, फुकटात चाललोय." वळण आलं की ते ब्रेकवर जवळजवळ उभे राहायचे. खाली पोचेपर्यंत गाडीभर जळक्या लायनरचा वास सुटलेला असायचा. काका त्याचं खापर पायथ्याच्या हॉटेलातल्या भज्यांच्या तेलावर फोडायचे.

काकांची बाजूही ऐकून घ्या. पद्मिनीला कार्बुरेटर होता. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन थोडं थोडं पेट्रोल ओढतच राहायचं. बंद केलं तर ते नक्की वाचायचं. पॉवर स्टिअरिंग नव्हतंच, त्यामुळे ते जायचा प्रश्न नव्हता. जीव धोक्यात घालून चार पैसे वाचवायचे, एवढा तो सरळ व्यवहार होता.

तुमच्या गाडीत तो व्यवहारही उरलेला नाही. तिच्यात इंजेक्टर आहेत आणि त्यांच्यावर नजर ठेवणारा छोटा संगणक आहे. उतारावर गाडी गिअरमध्ये असेल आणि तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय काढलात, तर चाकंच इंजिन फिरवतात. संगणक ते ओळखतो आणि पेट्रोल बंद करतो. थेंबसुद्धा जात नाही. न्यूट्रल केलंत, की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो. मग इंजिन बंद पडू नये म्हणून बिचाऱ्याला पेट्रोल पाजावं लागतं, तासाला साधारण पाऊण लिटर. म्हणजे दहा मिनिटांचा घाट न्यूट्रलमध्ये उतरलात तर एका कटिंग चहाचे पैसे जास्त जळतात, आणि वर गाडी धरायला उरतो तो फक्त ब्रेक. (अगदी सौम्य उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी लांब घरंगळते आणि थोडं वाचतंही. हे काकांना कळू देऊ नका.)

"मग इंजिनच बंद करतो," असं म्हणणारा एक हुशार विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. त्याच्यासाठी प्रात्यक्षिक: गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा आणि ब्रेक चार-पाच वेळा दाबा. पहिल्या एक-दोन वेळा पाय लोण्यात गेल्यासारखा जातो, मग पेडल दगड होतं. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये साठलेली पुंजी संपली. स्टिअरिंगही जड होतं, आणि किल्ली काढून खिशात टाकलीत तर ते कुलूप लागून जागच्या जागी बसतं. हे सगळं पार्किंगमध्ये गमतीचं वाटतं.

ट्रकमध्ये गंमत त्याहून कमी. तिथले ब्रेक हवेवर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. दर ब्रेकला टाकीतली थोडी हवा जाते. इंजिन बंद असेल तर नवी येत नाही. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एक ट्रक तो उतार उतरत आला आणि चाळीसहून जास्त गाड्यांचं नुकसान झालं. आधी सगळे "ब्रेक फेल" म्हणाले. पोलिसांच्या तपासात निघालं ते हे, की चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं. डिझेलचा खर्च ज्याच्या माथी असतो त्याला काकांसारखी हौस नसते, हे मात्र खरं.

दुसरा धडा, ट्रकच्या पाठीमागे चिकटून जाणे. पुढचा हवा कापतो, तुम्ही आयते जाता. पेट्रोल खरंच वाचतं. ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, आणि फायदा जाणवेल इतकं जवळ गेलात की समोर दिसतं फक्त "हॉर्न ओके प्लीज". तो ब्रेक मारणार आहे, हे तुम्हाला त्याचा बंपर कळवतो.

टायरमध्ये हवा ठासून भरणे, हा उपधडा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढीच भरा, महिन्यातून एकदा. कमी हवेने पेट्रोल जातं, जास्त हवेने पावसात गाडी.

सिग्नलला इंजिन बंद करावं का? करावं. थांबायला अर्धं मिनिट असेल तरी करावं. हिरवा व्हायच्या आधी चालू करावं, एवढंच. ही सवय फायद्याची आहे आणि धोका जवळजवळ नाही. म्हणूनच बहुधा तिच्याबद्दल कोणी फुशारकी मारत नाही.

शेवटचा धडा कंटाळवाणा आहे, वर्गातून उठून गेलात तरी चालेल. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ऐवजी १०० ने गेलात तर तो दीडपटीच्या वर जातो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साधारण ९५ किलोमीटर. कागदावर १०० आणि ८० मधला फरक चौदा मिनिटांचा, आणि तेवढी मिनिटं तर आपण फूड मॉलच्या रांगेत घालवतो. लांबचा लाल सिग्नल दिसला की गिअरमध्येच पाय उचलायचा. घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे एसटीच्या कुठल्याही जुन्या ड्रायव्हरला विचारा. इंजिन घोंगावतं, शेजारचा म्हणतो "अहो, गिअर टाका की!", आणि तेव्हा गाडी पेट्रोल पीत नसते.

राहिली डायरी. काका गेल्यावर ती माझ्याकडे आली. पुढच्या पानांवर पट्टीने रेघा मारलेल्या, तारीख, लिटर, किलोमीटर, आणि प्रत्येक कसारा प्रवासापुढे लाल शाईत चांदणी. मागून उघडली की गॅरेजचा हिशेब: ब्रेक लायनर, ड्रम घासणे, पुन्हा ब्रेक लायनर. दोन्ही हिशेबांच्या मध्ये चाळीसेक कोरी पानं आहेत.