भामरागडचा डायनासोर

पावसाळ्यात भामरागडला ब्राउझरमध्ये कोडं खेळायचं तर एकच पथ्य: पान सकाळीच उघडून ठेवावं. '२०४८' हा सोळा घरांत आकडे सरकवायचा खेळ २०१४ च्या मार्चमध्ये आला. नियम सोपे, पण पान उघडायला रेंज लागते. पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की रस्ता जातो, वीज जाते आणि टॉवरही त्यांच्याच वाटेने. मग कोड्याच्या जागी येतो क्रोमचा करडा डायनासोर.

बोट टेकवलं की तो धावतो. निवडुंग आला की उडी. (निवडुंगच का, सागवान का नाही, हे गूगलला विचारावं, पण रेंज आल्यावर.) हा खेळही २०१४ चाच, नेट गेलेल्यांचं मन रमवायला केलेला. पुण्याचं पोरगं राऊटर सुरू होईपर्यंत खेळतं. इथला पोट्टा पूर ओसरेपर्यंत. गुण ९९,९९९ वर पोचले की मोजणी परत शून्यावर येते. सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरलेल्या माणसाला यात काही नवल वाटत नाही.

खरं तर भामरागडचा हा जिल्हा डायनासोरांचाच. सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे. डायनासोरांच्या काळातली, दगड झालेली झाडं तिथे आजही पाहायला मिळतात. पडद्यावरचा टी-रेक्स मात्र अमेरिकेचा. इतकी वर्षं इथे मुक्काम ठोकूनही त्याच्याकडे रहिवासी दाखला नाही. मिळेल म्हणा, पण अर्ज ऑनलाइनच करावा लागतो.