खलनायक सातव्या भागात वारला

नेटफ्लिक्सवर २०१६ साली आलेल्या ‘ल्यूक केज’च्या नायकाला बंदुकीची गोळी लागत नाही. खलनायकाला मात्र ही सवलत नव्हती. हार्लेममध्ये नाइटक्लब चालवणारा कॉटनमाउथ, म्हणजे महेर्शला अली, नुसता कीबोर्डपुढे बसला तरी नायक विसरायला व्हायचं. बहुधा तोच त्याचा गुन्हा! १३ भागांच्या मोसमात सातव्याच भागात नात्यातल्या बहिणीनं त्याला खिडकीतून खाली ढकललं आणि माइकच्या स्टँडनं बडवून संपवलं. प्रसंग जबरदस्त, यात वाद नाही. पण उरलेल्या सहा भागांचं काय?

त्यासाठी डायमंडबॅक आला. हा नायकाचा सावत्र भाऊ निघाला. बायबलमधली वचनं, बापाच्या प्रेमाचं जुनं दुखणं आणि परग्रहावरच्या धातूची गोळी, असा सगळा संसार घेऊन आला. तोवर हार्लेमचं राजकारण, जागांचे व्यवहार, न्हाव्याच्या दुकानातल्या गप्पा असं सावकाश रंगत होतं. ते सोडून शेवटी काय, तर भररस्त्यात दोन भावांची गुद्दागुद्दी. त्यातही एकाच्या अंगात यांत्रिक चिलखत.

फेब्रुवारी २०१७मध्ये अलीला ‘मूनलाइट’साठी ऑस्कर मिळालं. डायमंडबॅक दुसऱ्या मोसमात परतला नाही. तुम्ही सातव्या भागानंतर टीव्ही बंद केलात तर काही चुकणार नाही.